कॅलिफोर्नियातील काउंटी न्यायालये आणि प्रोबेशन विभागांतील नोकऱ्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्या घराघरांत लहानपणापासून ऐकवले जाते. त्यामुळेच असेल, पण कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत संगणक, बँक, शाळा, रुग्णालय अशा सगळ्या ठिकाणच्या नोकऱ्यांची चर्चा होत असताना गावाच्या मध्यभागी उभ्या असलेल्या न्यायालयातही माणसे लागतात, हे क्वचितच कोणाच्या ध्यानात येते. मी गेली काही वर्षे उत्तर कॅलिफोर्नियातील एका काउंटीच्या (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) न्यायालयात कारकून म्हणून काम करते. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत, हळदीकुंकवाला, कधी किराणा दुकानाच्या रांगेतही लोक मला जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे सविस्तर लिहिली आहेत. ही माहिती कॅलिफोर्नियापुरती आहे. इतर राज्यांत न्यायालयांची रचना आणि नोकरीच्या अटी वेगळ्या असतात.

न्यायालय आणि प्रोबेशन विभाग ही एकच नोकरी देणारी संस्था आहे का?

नाही. अर्ज करणाऱ्यांची सर्वांत मोठी गफलत येथेच होते, म्हणून हे उत्तर थोडे लांबले तरी वाचावे.

कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत आणि प्रत्येक काउंटीत एक सुपीरियर कोर्ट आहे. पूर्वी या न्यायालयांच्या खाली म्युनिसिपल न्यायालये असत. १९९८ साली मतदारांनी घटनादुरुस्तीला संमती दिल्यानंतर दोन्ही एकत्र होत गेली आणि २००१ पर्यंत सर्व काउंट्यांत एकच न्यायालय उरले. त्याच सुमारास पैशाची व्यवस्थाही बदलली. १९९७ च्या कायद्याने न्यायालयांच्या खर्चाची मुख्य जबाबदारी काउंटीकडून राज्याकडे गेली, आणि १ जानेवारी २००१ पासून न्यायालयातील कर्मचारी हे काउंटीचे नोकर न राहता त्या त्या न्यायालयाचे नोकर झाले. नाव ‘काउंटीचे न्यायालय’ असले, तरी तेथील लिपिकाला पगार काउंटी देत नाही.

प्रोबेशन विभाग, म्हणजे न्यायाधीशाने अटी घालून समाजात राहू दिलेल्या गुन्हेगारांवर देखरेख ठेवणारा विभाग, मात्र काउंटीचाच आहे. त्याच्या प्रमुखाला चीफ प्रोबेशन ऑफिसर म्हणतात. बऱ्याच काउंट्यांत त्याची नेमणूक न्यायाधीश करतात, तर लॉस एंजेलिससारख्या ठिकाणी ती निवडून आलेले काउंटी मंडळ करते. सॅन फ्रान्सिस्कोत तर प्रौढांसाठी एक आणि अल्पवयीनांसाठी दुसरा असे दोन स्वतंत्र विभाग आहेत.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, काउंटीच्या नोकऱ्यांच्या पानावर नजर ठेवून न्यायालयातील जागेची वाट पाहणाऱ्याला ती जागा बहुधा दिसणारच नाही, कारण न्यायालयाची जाहिरात न्यायालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर येते. माझ्या ओळखीच्या एका ताईंनी आठ महिने चुकीच्या पानावर वाट पाहिली, आणि तेवढ्या काळात त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवरील न्यायालयात दोन वेळा भरती होऊन गेली.

या नोकऱ्यांसाठी अमेरिकेचे नागरिकत्व लागते का?

न्यायालयातील लिपिक पदांसाठी सर्वसाधारणपणे देशात काम करण्याचा कायदेशीर परवाना पुरेसा असतो. ग्रीन कार्ड असलेल्यांना अडचण येत नाही. एच-४ व्हिसावरील ज्या जोडीदारांना कामाचा परवाना मिळाला आहे (ही सोय मे २०१५ पासून आहे आणि पतीच्या किंवा पत्नीच्या ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत गेली असेल तरच मिळते), त्यांनाही अर्ज करता येतो. मात्र परवान्याची मुदत आणि नूतनीकरण यांचा हिशेब आधी करून ठेवावा. एच-१बी व्हिसावर असलेल्यांची गोष्ट वेगळी. तो व्हिसा एका मालकाशी आणि विशेष शिक्षण लागणाऱ्या कामाशी बांधलेला असल्यामुळे लिपिकाच्या जागेसाठी त्याचा उपयोग होत नाही.

प्रोबेशन अधिकारी हा कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार शांतता अधिकारी, म्हणजे पोलिसांसारखे काही अधिकार असलेला सरकारी सेवक असतो. अशा पदांसाठी पूर्वी नागरिकत्वाची, निदान नागरिकत्वासाठी अर्ज केलेला असण्याची अट होती. १ जानेवारी २०२३ पासून ही अट राज्याच्या कायद्यातून काढली आणि काम करण्याचा कायदेशीर अधिकार पुरेसा ठरवला. हा बदल आपल्यातील पुष्कळांना अजून ठाऊक नाही आणि जुन्या माहितीवर विसंबून ते अर्जच करत नाहीत. तरीही दोन गोष्टी पाहाव्यात. जाहिरातीतील अट शब्दशः वाचावी. आणि शस्त्र बाळगावे लागणारी जागा असेल तर व्हिसावर राहणाऱ्यांना शस्त्र बाळगण्यावर केंद्रीय कायद्याची बंधने आहेत, हे लक्षात घ्यावे.

न्यायालयात न्यायाधीश आणि वकील सोडून कोणती कामे असतात?

महाराष्ट्रातील जिल्हा न्यायालय पाहिलेल्या माणसाला शिरस्तेदार, नाझर, लघुलेखक, बेलिफ, शिपाई ही माणसे आठवतात. येथील विभागणी थोडी निराळी आहे. बाहेरच्या खिडकीवर कागद स्वीकारणारे, तपासणारे, शिक्का मारून नोंद करणारे लिपिक हा सर्वांत मोठा गट, आणि नवख्या माणसासाठी दरवाजा उघडतो तो येथेच. त्यांच्या पदांची नावे प्रत्येक काउंटीत वेगळी असतात, त्यामुळे नावावरून न ठरवता कामाचे वर्णन वाचावे. अनुभव आल्यावर काही जण न्यायकक्षातील लिपिक होतात. हा लिपिक न्यायाधीशाशेजारी बसतो, साक्षीदाराला शपथ देतो, पुराव्याच्या वस्तूंना क्रमांक देऊन त्या सांभाळतो आणि न्यायाधीश तोंडी जो आदेश देतात तो त्याच वेळी अधिकृत नोंदीत उतरवतो. त्या नोंदीत एक तारीख चुकली तर कोणी एखादा दिवस विनाकारण तुरुंगात राहू शकतो, म्हणून या जागेला मी मनापासून मान देते.

याशिवाय ज्यूरीचे काम पाहणारे कर्मचारी, लेखा विभाग, संगणक विभाग, कौटुंबिक न्यायालयातील मध्यस्थ, वारसा आणि पालकत्वाच्या प्रकरणांतील चौकशी अधिकारी, कायदेविषयक संशोधन करणारे वकील, दुभाषी आणि न्यायालयीन प्रतिवेदक, म्हणजे न्यायकक्षातील बोलणे शब्दशः उतरवून घेणारे, असतात. बेलिफ या शब्दाने मात्र फसू नये. आपल्याकडे बेलिफ समन्स घेऊन दारी येतो. येथे न्यायकक्षाची सुरक्षा पाहणाऱ्याला बेलिफ म्हणतात आणि तो शेरीफच्या खात्यातील गणवेशधारी माणूस असतो. ती जागा हवी असेल तर न्यायालयाकडे अर्ज करून उपयोग नाही.

खिडकीवरचे काम प्रत्यक्षात कसे असते?

एक सकाळ सांगते. दार उघडायच्या आधीच बाहेर रांग असते. पहिल्या बाईंच्या हातात घर रिकामे करण्याच्या दाव्याची नोटीस आहे, कडेला मूल आहे, आणि तिला वाटते आहे की आज संध्याकाळीच आपल्याला बाहेर काढणार. अशा दाव्याला उत्तर देण्याची मुदत पूर्वी न्यायालयाच्या कामकाजाचे ५ दिवस होती. १ जानेवारी २०२५ पासून ती १० दिवस झाली आहे. उत्तराचा नमुना यूडी-१०५ हा आहे, शुल्क भरण्याची ऐपत नसेल तर माफीसाठी एफडब्ल्यू-००१ हा नमुना भरता येतो, आणि मोफत मदतीचे केंद्र त्याच इमारतीत आहे, हे मी तिला सांगू शकते. “मग यात काय लिहू म्हणजे मी जिंकेन?” असे तिने विचारले की मला थांबावे लागते. माहिती द्यायची, सल्ला द्यायचा नाही, ही आमच्या कामाची लक्ष्मणरेषा आहे. ती रेषा पाळताना आवाजात तुसडेपणा येऊ न देणे हे या कामातील खरे कौशल्य आहे. टंकलेखन आणि संगणक कोणीही शिकू शकतो.

ती बाई गेल्यावर पुढचा माणूस घटस्फोटाचे कागद घेऊन उभा असतो, त्याच्या मागे वडिलांच्या मृत्युपत्राचे काम घेऊन आलेली मुलगी. बहुतेक लोक आयुष्यातील वाईट दिवशीच आमच्यासमोर येतात. ज्यांना हे झेपेल असे वाटते, त्यांनी जरूर यावे.

प्रोबेशन अधिकारी नेमके काय करतो? पॅरोल आणि प्रोबेशन एकच का?

मराठी वृत्तपत्रांत ‘कैदी पॅरोलवर सुटला’ असे वाचले की आपल्या मनात येते ते तुरुंगातून काही दिवसांची रजा. कॅलिफोर्नियातील पॅरोल म्हणजे राज्याच्या तुरुंगातील शिक्षा भोगून बाहेर आल्यानंतरची देखरेख, आणि ते काम राज्य सरकारच्या तुरुंग खात्याचे आहे. प्रोबेशन म्हणजे न्यायाधीशाने तुरुंगवासाऐवजी, किंवा काउंटीच्या तुरुंगातील थोड्या दिवसांच्या जोडीने, अटी घालून समाजात राहू देणे. आणि ते काम काउंटीचे आहे. आपल्याकडेही १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाखाली परिवीक्षा अधिकारी असतात, त्यामुळे कल्पना अगदीच परकी नाही. या कल्पनेचा उगम मात्र बॉस्टनचा. तेथे १८४१ साली जॉन ऑगस्टस नावाच्या जोडे बनवणाऱ्या गृहस्थाने एका दारुड्याचा जामीन घेऊन त्याला सुधारण्याची हमी न्यायालयाला दिली होती. कॅलिफोर्नियात प्रोबेशनचा कायदा १९०३ साली आला.

अधिकाऱ्याचे काम दोन पायांवर उभे असते. शिक्षा ठरवण्याआधी न्यायाधीशाला अहवाल द्यायचा, म्हणजे आरोपीचे घर, शिक्षण, व्यसन, पूर्वीचे गुन्हे, पीडित व्यक्तीचे म्हणणे हे सर्व तपासून शिफारस लिहायची; आणि शिक्षा ठरल्यावर त्या माणसावर देखरेख ठेवायची. देखरेखीत घरभेटी, व्यसनमुक्तीच्या तपासण्या, नोकरीसाठी मदत, आणि अटी मोडल्यास न्यायालयाला कळवणे हे सर्व येते. एकाच माणसाने हात धरायचा आणि वेळ आली तर त्याच्याविरुद्ध अहवालही लिहायचा, ही या नोकरीतील कठीण बाजू आहे. ज्यांना केवळ समाजसेवा करायची आहे, किंवा ज्यांना केवळ कायद्याचा धाक दाखवायचा आहे, अशा दोघांनाही हे काम फार दिवस मानवत नाही, असे मी जवळून पाहिलेल्या अधिकाऱ्यांवरून म्हणू शकते.

गेल्या काही वर्षांत या विभागांचे काम बरेच बदलले. ऑक्टोबर २०११ पासून, गंभीर नसलेल्या गुन्ह्यांत राज्याच्या तुरुंगातून सुटणाऱ्या अनेकांची देखरेख पॅरोलकडून काउंटीकडे आली. १ जानेवारी २०२१ पासून प्रोबेशनचा कालावधी, काही अपवाद वगळता, किरकोळ गुन्ह्यांसाठी १ वर्ष आणि गंभीर गुन्ह्यांसाठी २ वर्षे इतका मर्यादित झाला. अल्पवयीन गुन्हेगारांसाठी राज्य चालवत असलेल्या शेवटच्या संस्था ३० जून २०२३ रोजी बंद झाल्या आणि ती मुलेही काउंट्यांकडे सोपवली गेली. मुलाखतीला जाणाऱ्याने हे तीन बदल नीट समजून घ्यावेत, कारण ज्या विभागात काम करायचे त्याच्यापुढचे प्रश्न आपल्याला ठाऊक आहेत हे त्यातून दिसते.

प्रोबेशन अधिकारी होण्यासाठी कोणती पात्रता लागते?

उपअधिकारी पदासाठी बहुतेक काउंट्या चार वर्षांची पदवी मागतात. समाजशास्त्र, मानसशास्त्र, गुन्हेगारीशास्त्र हे विषय असतील तर चांगलेच, पण अनेक ठिकाणी कोणताही विषय चालतो. मुलांच्या निवासी केंद्रात काम करणाऱ्या समुपदेशक पदांसाठी काही काउंट्या कमी शिक्षणही स्वीकारतात आणि पुष्कळ अधिकारी त्याच वाटेने वर गेलेले असतात. तेथे रात्रपाळी आणि सणावाराचे काम असते, हे घरी आधी बोलून घ्यावे. लेखी परीक्षा, मुलाखत, पार्श्वभूमीची तपासणी, वैद्यकीय तपासणी आणि मानसशास्त्रीय तपासणी अशी ओळीने पाच पायऱ्यांची प्रक्रिया धरून चालावे. नेमणूक झाल्यावर राज्याने ठरवलेले मूलभूत प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. त्यात अटक करण्याच्या अधिकाराविषयीचा अभ्यासक्रमही असतो. सगळेच अधिकारी शस्त्र बाळगत नाहीत. काही काउंट्यांत ठरावीक तुकड्यांनाच शस्त्र असते, त्यामुळे केवळ त्या धास्तीने मागे फिरू नये.

गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीला शांतता अधिकारी होता येत नाही. ही कायद्याची सरळ बंदी आहे.

पार्श्वभूमीच्या तपासणीत काय पाहतात? भारतातील वर्षांचे काय?

लिपिक पदासाठी तपासणी तुलनेने साधी असते. बोटांचे ठसे संगणकावर घेतले जातात आणि ते राज्याच्या न्याय विभागाकडे व एफबीआयकडे जातात. प्रोबेशनसाठी मात्र एक लांबलचक वैयक्तिक इतिहास लिहून द्यावा लागतो. त्यात राहिलेली घरे, केलेल्या नोकऱ्या, सोडलेल्या नोकऱ्यांची कारणे, नातेवाईक, ओळखीच्या व्यक्ती, कर्जे, वाहतुकीचे दंड, मादक पदार्थांचा पूर्वीचा वापर, असे सारे विचारतात. काही काउंट्यांत असत्यशोधक यंत्राची चाचणीही होते.

आपल्या लोकांची अडचण येथे विशेष होते. पुण्यातील खोलीवर तीन मैत्रिणींबरोबर राहिलेले सहा महिने, मामाकडे काढलेली शिक्षणाची वर्षे, बंद पडलेल्या कारखान्यातील पहिली नोकरी, यांचे कागद कुठून आणायचे? माझ्या स्वतःच्या अर्जात नाशिकमधील चार महिन्यांचा एक पत्ता राहून गेला होता. तपासणी करणाऱ्या बाईंनी तारखांमधील फट पकडली आणि मला बोलावून विचारले. मी जे होते ते सांगितले, मामेबहिणीचा दूरध्वनी क्रमांक दिला, आणि विषय तेथेच संपला. तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच सांगते : अर्ज करण्याच्या आधी एका वहीत वयाच्या अठराव्या वर्षापासूनचे सर्व पत्ते, नोकऱ्या आणि तारखा लिहून काढा, आईवडिलांना विचारून त्या पडताळा, आणि जे आठवत नाही ते अर्जात अंदाजे आहे असे नमूद करा. जुना दंड किंवा एखादी नोकरी गेल्याची गोष्ट क्षम्य ठरू शकते. ती लपवल्याचे उघड झाले तर बहुधा अर्ज तेथेच थांबतो.

भारतातील पदवी येथे चालते का?

चालते, पण तिचे मूल्यमापन करून घ्यावे लागते. हे काम खासगी मूल्यमापन संस्था करतात. कोणत्या संस्थांचा अहवाल स्वीकारला जातो हे जाहिरातीत लिहिलेले असते. अभियांत्रिकीसारख्या चार वर्षांच्या पदवीला त्रास होत नाही. तीन वर्षांची बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी. असेल तर काही मूल्यमापक तिला तीन वर्षांचेच शिक्षण मानतात, आणि मग पदवीची अट अपुरी पडते. पुढे एम.ए. किंवा एम.कॉम. केले असेल तर दोन्ही गुणपत्रिका एकत्र पाठवाव्यात. विद्यापीठाकडून बंद पाकिटात गुणपत्रिका मागवायला वेळ लागतो, म्हणून जाहिरात येण्याची वाट न पाहता हे काम आधीच उरकावे. न्यायालयातील प्रवेशपातळीच्या अनेक लिपिक पदांना शालेय शिक्षण आणि थोडा कार्यालयीन अनुभव पुरतो, त्यामुळे तेथे हा खर्च लगेच करण्याची गरज नसते.

मी महाराष्ट्रात वकिली केली आहे. त्याचा उपयोग होईल का?

होईल, आणि बहुतेकांना वाटतो त्याहून जास्त. कॅलिफोर्निया हे अशा मोजक्या राज्यांपैकी आहे जेथे परदेशात वकील म्हणून रीतसर नोंदणी असलेल्या आणि सनद चालू असलेल्या व्यक्तीला येथील कायद्याची आणखी पदवी न घेता राज्याच्या बार परीक्षेला बसता येते. म्हणजे महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद जपून ठेवण्यासारखी आहे. केवळ एलएल.बी. झालेली पण सनद न घेतलेली व्यक्ती या सवलतीत बसत नाही. तिला येथे पुढचे शिक्षण घ्यावे लागते. बार परीक्षा उत्तीर्ण होईपर्यंत न्यायालयात लिपिक म्हणून काम करणारे वकील मी पाहिले आहेत. दिवाणी कामकाजाची क्रमवार पद्धत, मुदतींचे महत्त्व, कागद वाचण्याची सवय, या गोष्टी त्यांना नव्याने शिकवाव्या लागत नाहीत. मात्र वर सांगितलेली सल्ला न देण्याची मर्यादा पाळणे त्यांना इतरांपेक्षा जड जाते.

मराठी दुभाषी म्हणून काम मिळते का?

मिळते, परंतु त्यावर संसार चालेल अशी अपेक्षा ठेवू नये. गुन्ह्याचा आरोप असलेल्या आणि इंग्रजी न समजणाऱ्या व्यक्तीला दुभाष्याचा हक्क कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेतच दिलेला आहे, आणि २०१५ पासून दिवाणी प्रकरणांतही न्यायालयाने विनामूल्य दुभाषी पुरवण्याची दिशा कायद्याने ठरवली. भाषांचे दोन वर्ग आहेत. स्पॅनिश, व्हिएतनामी, पंजाबी अशा काही भाषांसाठी पूर्ण प्रमाणन परीक्षा आहे. मराठी त्या यादीत नाही, म्हणून मराठी दुभाष्याला ‘नोंदणीकृत’ दर्जा घ्यावा लागतो. त्यासाठी इंग्रजीतील लेखी परीक्षा, इंग्रजी बोलण्याची परीक्षा आणि उपलब्ध असल्यास मराठी बोलण्याची परीक्षा द्यावी लागते. हा कार्यक्रम राज्याची ज्युडिशियल कौन्सिल चालवते.

मराठीची गरज अधूनमधून पडते : मुलाकडे राहायला आलेले वृद्ध आईवडील साक्षीदार असतात, कौटुंबिक छळाच्या प्रकरणात नुकतीच आलेली सून संरक्षण आदेश मागते. त्या क्षणी समोरच्या माणसाला ‘सासरच्यांनी अबोला धरला’ म्हणजे काय, हे न वाढवता आणि न घटवता इंग्रजीत सांगणारे कोणी हवे असते. नातेवाइकाने ते काम करणे धोक्याचे असते, कारण तो त्याच भांडणात गुंतलेला असू शकतो. ज्यांची हिंदी आणि मराठी दोन्ही उत्तम आहेत त्यांनी दोन्हींची चौकशी करावी. पूर्ण वेळ नोकरी दुसरी ठेवून ही नोंदणी करणारी माणसे आपल्या समाजात असावीत, असे मला फार वाटते.

मला मराठी-इंग्रजी टंकलेखन आणि लघुलेखन येते. त्या प्रमाणपत्रांना येथे किंमत आहे का?

प्रमाणपत्राला फारशी नाही, हातातील वेगाला आहे. मिनिटाला ४० शब्दांची शासकीय परीक्षा दिलेल्या माणसाला येथील टंकलेखन चाचणी अवघड जात नाही, फक्त चुका वजा करून वेग मोजतात हे ध्यानात ठेवावे. लघुलेखनाची वाट लांबची आहे. येथील प्रतिवेदक विशेष यंत्रावर लिहितात आणि राज्याच्या परवान्यासाठी मिनिटाला २०० शब्द ९७.५ टक्के अचूकतेने उतरवावे लागतात. यंत्र शिकायला काही वर्षे जातात. परंतु प्रतिवेदकांची टंचाई अनेक काउंट्यांत जाणवते, आणि कौटुंबिक वादांत प्रतिवेदक नसेल तर अपिलासाठी लागणारी नोंदच उरत नाही. विशीतील मुलामुलींनी या व्यवसायाचा गांभीर्याने विचार करावा.

अर्ज कोठे आणि कसा करायचा? किती काळ लागतो?

न्यायालयाच्या आणि काउंटीच्या संकेतस्थळांवर नोकऱ्यांचे स्वतंत्र पान असते. बहुतेक काउंट्या आणि अनेक न्यायालये गव्हर्नमेंटजॉब्ज या एकाच सामायिक व्यवस्थेतून अर्ज घेतात. तेथे एकदा माहिती भरून ठेवली की पदाचे नाव देऊन ई-मेलने सूचना मागवता येते. अर्जासोबत पूरक प्रश्नावली असते. खासगी कंपन्यांची सवय असलेले आपले लोक तेथे ‘सोबतचा बायोडाटा पाहावा’ असे लिहून मोकळे होतात आणि बाद होतात, कारण छाननी करणारी व्यक्ती त्या प्रश्नावलीतील मजकुरालाच गुण देते. प्रत्येक अट तुम्ही कोठे, किती काळ आणि कोणते काम करून पूर्ण केली, हे पूर्ण वाक्यांत लिहावे.

छाननीनंतर परीक्षा, मग पात्र उमेदवारांची यादी, मग जागा निघेल तशी मुलाखत. या सगळ्याला काही महिने जातात, प्रोबेशनच्या बाबतीत त्याहून जास्त. अर्ज केल्यावर महिनाभर शांतता असणे म्हणजे नकार नव्हे. सरकारी अर्जाला शुल्क नसते. नोकरी मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला एक सेंटही देऊ नये.

मुलाखतीत काय विचारतात?

दोन-तीन जणांचे मंडळ सर्व उमेदवारांना तेच ठरलेले प्रश्न विचारते आणि उत्तरांना गुण देते. मध्येच गप्पा होत नाहीत, मंडळावरील माणसे लिहून घेत असतात, त्यामुळे ती नाराज आहेत असा समज करून घेऊ नये. रागावलेल्या ग्राहकाला कसे हाताळले, गोपनीय माहिती कशी सांभाळली, वरिष्ठाची चूक दिसली तेव्हा काय केले, असे प्रश्न येतात. येथे आपला संकोच आड येतो. ‘आम्ही केले’ असे म्हणण्याची आपली रीत आहे. मंडळाला तुम्ही स्वतः काय केले ते ऐकायचे असते. घरी मोठ्याने बोलून सराव करावा.

मुले मोठी झाल्यावर, पंधरा वर्षांच्या खंडानंतर अर्ज करण्यात अर्थ आहे का?

निश्चित आहे. वयाच्या कारणावरून ४० वर्षांवरील व्यक्तीला डावलणे कायद्याने निषिद्ध आहे. आमच्या खिडकीवरील काही सर्वांत चांगल्या कर्मचारी पन्नाशीत आलेल्या बायका आहेत. अनुभव दाखवण्यासाठी शाळेतील स्वयंसेवा, मंडळाचे हिशेब, वाचनालयातील काम यांचा तपशील तासांसकट लिहावा. न्यायालयाशी जवळचा अनुभव हवा असेल तर प्रत्येक काउंटीतील स्वयंमदत केंद्रात स्वयंसेवक लागतात का ते विचारावे, किंवा पालकांपासून दूर ठेवलेल्या मुलांच्या बाजूने न्यायालयात बोलणारे नियुक्त स्वयंसेवक व्हावे. दुसऱ्या कामात एका मुलाची जबाबदारी दीर्घ काळ घ्यावी लागते, म्हणून केवळ अर्जात ओळ वाढवण्यासाठी ते पत्करू नये.

पेन्शन आणि सोयी कशा असतात?

पगार संगणक क्षेत्राच्या जवळपासही नसतो. आरोग्य विमा, ठरलेल्या सुट्ट्या, कामगार संघटनेचे संरक्षण आणि निवृत्तिवेतन ही या नोकरीची ताकद आहे. १ जानेवारी २०१३ नंतर प्रथमच सरकारी सेवेत आलेल्यांना नवे, थोडे कमी लाभाचे नियम लागू होतात, आणि साधारणपणे ५ वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतनाचा हक्क पक्का होतो. प्रोबेशन अधिकाऱ्यांचे नियम लिपिकांहून वेगळे असतात.

केंद्रीय न्यायालयांत आणि केंद्रीय प्रोबेशनमध्ये हेच नियम आहेत का?

नाहीत. ती व्यवस्था काउंटीच्या पूर्णपणे बाहेर आहे, नागरिकत्वाबाबतचे तिचे नियम अधिक कडक आहेत, आणि केंद्रीय प्रोबेशन अधिकारी म्हणून पहिली नेमणूक वयाची ३७ वर्षे पूर्ण होण्याआधी व्हावी लागते.

एकदा नकार आला तर पुन्हा अर्ज करता येतो का?

येतो. लेखी परीक्षेत किंवा मुलाखतीत गुण कमी पडले असतील तर पुढच्या भरतीत पुन्हा बसता येते. काही ठिकाणी मध्ये ठरावीक महिने थांबावे लागते आणि तो कालावधी नकाराच्या पत्रात दिलेला असतो. अनुभव कमी पडला म्हणून अर्ज छाननीत बाद झाला आणि तुम्हाला तो निर्णय चुकीचा वाटत असेल, तर पत्रातील मुदतीच्या आत लेखी फेरविचार मागता येतो. तो मागताना नवी माहिती जोडण्यापेक्षा, मूळ अर्जातील कोणत्या ओळीत ती अट पूर्ण झालेली आहे ते दाखवावे. मी स्वतः दुसऱ्या अर्जात निवडले गेले. पहिल्या वेळी प्रश्नावलीत माझ्या पुण्यातील बँकेच्या नोकरीचे मी एका ओळीत वर्णन केले होते. दुसऱ्या वेळी रोज किती लोक खिडकीवर येत, कोणते कागद मी तपासत असे आणि रोख रकमेचा ताळा संध्याकाळी कसा जुळवत असे, हे पानभर लिहिले.